लाल थर आणि इनामदार सरांचा चौथा तक्ता

डॉ. खलील इनामदार सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती दातांमुळे. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा पहिला तास होता. भूशास्त्र विभागात आम्ही अकराजण, आणि त्यातले निम्मे माझ्यासारखेच रसायनशास्त्राला नंबर लागला नाही म्हणून आलेले. सर आले, त्यांनी हजेरी घेतली आणि म्हणाले, “सगळ्यांनी जीभ वरच्या दातांना लावा. लावली? हे अ‍ॅपेटाइट. आता परीक्षेत कुणी लिहू नका, की हे खनिज आम्ही कधी पाहिलंच नाही.” सगळा वर्ग हसला. मी मात्र ओढणी तोंडावर धरून खाली बघत बसले.

माझ्या दातांवर तपकिरी डाग होते. मी वाढले आजोळी. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे गावातल्या निम्म्या पोरांचे दात तसेच. गावात कुणाला त्याचं काही वाटत नसे, पण शहरात आल्यावर वाटू लागलं. तोंडावर हात धरल्याशिवाय मी हसत नसे, आणि कुणी दातांकडे पाहिलं की फाडकन उत्तर देत असे. सरांनी आठवड्याभराने प्रयोगशाळेत, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, विचारलं, “बेटा, कुठल्या गावचं पाणी पिऊन वाढलीस?” मी म्हटलं, “माझ्या दातांचं माझं मी बघेन, सर.” आज हे लिहितानाही कान गरम होतात.

सर रागावले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि मला एसटीचा बाक समजावून सांगितला. अ‍ॅपेटाइट म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटची बांधलेली गाडी. त्या गाडीत एक जागा अशी, की तिथं तिघांपैकी कुणीही बसू शकतं: फ्लोरिन, क्लोरिन, नाहीतर पाण्यातून आलेला हायड्रॉक्सिल. गाडी भरताना स्टँडवर ज्याची गर्दी जास्त आणि जो घुसण्यात पटाईत, तो बसतो. फ्लोरिन त्यात सगळ्यात वस्ताद. “तुझ्या दातांत तो बसला. ह्यात तुझा दोष काय? तुझ्या गावच्या पाण्यात कोण होतं, एवढंच तुझे दात सांगतात. खोटं बोलत नाहीत,” सर म्हणाले. पुढच्या सुट्टीत त्यांनी मला बाटली दिली, बोअरचं पाणी आणायला लावलं, तपासून घेतलं, आणि माझ्या मामांना स्वतः पत्र लिहून कळवलं की घरातल्या लहान मुलांना हे पाणी देऊ नका, शेतातल्या आडाचं द्या. मामांनी ऐकलं. माझ्या धाकट्या मामेभावंडांचे दात पांढरे आहेत, आणि मी तोंडावरचा हात काढला तो त्याच वर्षी.

सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहायला बसले तेव्हा वाटलं, त्यांच्या कामाबद्दल बाहेरच्या माणसाला सांगायचं तर त्या बाकापासूनच सुरुवात करावी. ज्वालामुखीच्या रसात स्फटिक घडत असताना तिथं पाणी किती होतं, क्लोरिन किती होता, याची साक्ष देणारं दुसरं कुणी उरत नाही. लाव्हा थंड होतो, वायू उडून जातात. दगडाच्या पोटात केसाएवढी अ‍ॅपेटाइटची काडी राहते, आणि तिच्या त्या एका जागेवर कोण बसलं आहे ते मोजलं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या वायूंचा अंदाज येतो. त्याच काडीत युरेनियमचे थोडे अणू असतात. ते फुटतात तेव्हा स्फटिकात बारीक ओरखडे उठतात, आणि दगड तापला की ते पुसले जातात. म्हणून ओरखडे मोजले, की हा दगड खोलातून वर येऊन केव्हापासून निवांत आहे, तेही कळतं.

चंद्राचे दगड बरीच वर्षं कोरडे ठणठणीत समजले जात होते. त्यांतल्या अ‍ॅपेटाइटमध्ये पाण्याचा अंश सापडल्याचं वाचलं त्या दिवशी सर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आले. वर्गात सांगायच्या आधी त्यांनी ही बातमी कचरूमामांना सांगितली. कचरूमामा आमच्या प्रयोगशाळेचे सहायक. दगड कापण्यात आणि घासून पातळ करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग आता तिथं बोअर घ्यायची का, सर?” सर म्हणाले, “घेऊ की. पण हापसायला तुम्हीच जायचं.”

सरांचं नाव झालं ते लाल थरावरच्या प्रबंधामुळे. कन्नड तालुक्यात, पिशोरकडे डोंगर उतरताना रस्त्याच्या कडेला काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. येणारे-जाणारे त्याला तांबडी माती म्हणतात. हा पट्टा आला कुठून, यावर भूशास्त्रज्ञांत जुना वाद आहे. एक म्हणतात, खालचाच लाव्हा हवापाण्याने कुजून लाल झाला. दुसरे म्हणतात, मध्ये कुठल्या तरी लांबच्या ज्वालामुखीची राख येऊन पडली. तरुण इनामदार सरांनी सायकलवर पोती बांधून त्या डोंगरांतला लाल थर गोळा केला होता, आणि राखेत सापडावीत अशी खनिजं त्यात शोधली होती. त्यांच्या प्रबंधातल्या चौथ्या तक्त्यात अ‍ॅपेटाइटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की आपल्या भागातला हा थर म्हणजे कुजलेला लाव्हाच, राख नव्हे. हा निष्कर्ष पुढे पुस्तकांत गेला, आमच्या अभ्यासक्रमात आला. मी पीएच.डी.ला त्यांच्याकडेच नाव नोंदवलं, आणि त्याच थराचा पुढचा अभ्यास करायचं ठरलं.

आता जे लिहायचं आहे ते गौरवग्रंथात शोभत नाही, असं संपादक मंडळातल्या एका स्नेह्यांचं मत पडलं. मी ते ऐकून घेतलं आणि लिहायला घेतलं.

लाल थराच्या भेगांत पांढरा कॅल्साइट भरलेला असतो. तो काढायला सरांनी प्रबंधात दिलेली रीत अशी: दगड कुटायचा, सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये धुवायचा, कॅल्साइट फसफसून जातो, मग उरलेले कण जड द्रवात टाकून वेगळे करायचे. मी तसंच करणार होते. पण दिवाळीच्या सुट्टीत अ‍ॅसिडच्या कपाटाची किल्ली घेऊन कचरूमामा पुतणीच्या लग्नाला चितेगावला गेले होते. मला दम धरवत नाही, हा माझा जुना रोग. मी कुटलेली लाल माती नुसत्या पाण्यात घोळत बसले. ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा ढवळायचं. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर सहा कडांच्या स्वच्छ काड्या. अ‍ॅपेटाइट. एक-दोन नव्हे, चांगल्या चिमूटभर म्हणाव्यात इतक्या.

मी पहिली शंका घेतली ती कचरूमामांवर. दुसऱ्या कुठल्या दगडाचे कण चाळणीत अडकून राहिले असतील, असं वाटलं. मामा लग्नाहून परतले त्या दिवशी मी त्यांना नको ते बोलले. मामा शांतपणे म्हणाले, “ताई, चाळणी म्या दोनदा ब्रशनं घासलीय, वाळवून ठिवलीय. कचरा नाय तो. दगडातच हाय.” मी दुसऱ्या गावच्या लाल मातीचं पोतं काढलं, नवी चाळणी घेतली, पुन्हा पाण्याने धुतलं. पुन्हा काड्या. मग त्याच मातीचा अर्धा भाग अ‍ॅसिडने धुतला. एकही काडी नाही.

अ‍ॅसिडमध्ये अ‍ॅपेटाइट विरघळतं. हे मला कुणी शिकवलं होतं? सरांनीच. दरवर्षी तिसऱ्या आठवड्यात ते सांगायचे, की लिंबू चोखून दात आंबतात ते याचमुळे. आणि त्यांच्याच प्रबंधात चौथा तक्ता होता. तो वाचून आम्ही पास झालो होतो. त्या दोन गोष्टी समोरासमोर आणून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

त्यात महिन्याभरात शहरात मोठी परिषद भरणार होती, आणि सरांचं मुख्य भाषण लाल थरावरच होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. सांगावं तर ज्यांनी मला उभं केलं त्यांच्या आयुष्याच्या कामाला मीच सुरुंग लावते आहे. न सांगावं तर माझा प्रबंध खोटा, आणि सर भर सभेत चुकीचं बोलणार हे मला माहीत असून मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार. दहा दिवस मी विभागात गेले की सरांची नजर चुकवायची. शेवटी कचरूमामाच म्हणाले, “सरांला सांगून टाका. सांगितलं तर रागावणार नायत. न सांगता ऱ्हायलात तर मात्र लई रागावतील.”

मी सरांच्या घरी गेले. सकाळची वेळ होती. सरांच्या पत्नी शमीम आपा अंगणात मेथी निवडत होत्या. माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, “क्या हुआ गे? बीमार है क्या? पहले चाय पी, फिर बोल।” चहा तसाच ठेवून मी आत गेले. सर भाषणाचा कागद लिहीत बसले होते. मी स्लाइडचे फोटो त्यांच्यापुढे ठेवले. सरांनी ते बराच वेळ पाहिले.

“कुठला थर?”

“पिशोरचा. तुमच्याच प्रबंधातला नंबर तीन, सर.”

“धुतलं कशानं?”

“पाण्यानं.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. “आणि मी अ‍ॅसिडनं,” ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी मला विचारलं की हे केव्हा कळलं. मी सांगितलं, दहा दिवस झाले. तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. “दहा दिवस? दहा दिवस तुला काय वाटत होतं? मी हे दाबून टाकीन?” मी रडायला लागले. आपा अंगणातून धावत आल्या. सर उठून बागेत गेले ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते प्रयोगशाळेत हजर. कपाटाच्या तळाशी त्यांच्या तरुणपणच्या पोत्यांतली उरलेली माती होती, खाकी कागदाच्या पुड्यांत, त्यांच्याच अक्षरात नावं लिहिलेली. त्यांनी प्रत्येक पुडीचे दोन भाग केले. मला हात लावू दिला नाही. पाण्याची भांडी चार दिवस त्यांनी स्वतः ढवळली, खुर्ची टाकून गाळ बसायची वाट पाहत तिथंच बसले, जेवणाचा डबाही तिथंच खाल्ला. पाण्याच्या भागात काड्या निघाल्या आणि अ‍ॅसिडच्या भागात काही निघालं नाही. मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता ते म्हणाले, “मामा, साक्षीदाराला मीच धुऊन टाकलं हो.” कचरूमामांनी सरांचा गार झालेला चहा उचलला आणि दुसरा आणून ठेवला.

विभागातल्या काही ज्येष्ठांनी सरांना सल्ला दिला, की परिषदेत जुनंच भाषण करा, मग पुढच्या एखाद्या लेखात हळूच दुरुस्ती घाला. निवृत्तीच्या तोंडावर कशाला नसती उठाठेव? सल्ला देणारे वाईट नव्हते. त्यांना सरांची काळजी होती. सर म्हणाले, “मी हळूच चुकलो असतो तर हळूच सुधारलं असतं. चुकलो ते पुस्तकात.”

परिषदेत सरांनी चौथा तक्ता पडद्यावर दाखवला, आणि त्यावर आडवी रेघ मारलेला दुसरा दाखवला. माझं नाव घेतलं, कचरूमामांचं नाव घेतलं. “अ‍ॅसिडनं काय होईल हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही,” असं ते म्हणाले. सभागृहात कुजबुज झाली, मागे कुणी तरी हसलंही. चहाच्या वेळी एक पाहुणे मला ऐकू येईल असं म्हणाले, की आजकालचे विद्यार्थी गुरूच्याच पायावर कुऱ्हाड घालतात. सर शेजारीच उभे होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “जनाब, पाय माझा होता, कुऱ्हाडही माझीच होती. ह्या पोरीनं फक्त दिवा धरला.”

या सगळ्याची किंमत सरांनी मोजली. त्या वर्षी त्यांना मिळणार म्हणून ज्या मोठ्या सन्मानाची चर्चा होती तो आला नाही. एका संदर्भग्रंथातलं त्यांचं प्रकरण नव्या आवृत्तीत गळालं. काही आठवडे सर विभागात गप्प गप्प असत. वाईट मलाच जास्त वाटे, आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “वाईट मलाही वाटतं बेटा, खोटं कशाला बोलू? पण झोप लागते.” ग्रंथालयातल्या आपल्या प्रबंधाच्या प्रतीत त्यांनी चौथ्या तक्त्यावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली आहे: हा तक्ता वापरू नये. कारण खाली, आणि खाली माझ्या अप्रकाशित कामाचा उल्लेख. मला पदवी मिळायची होती तेव्हाची ती चिठ्ठी आहे.

पुढे त्या काड्यांचं पृथक्करण बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेतलं. त्यातलं क्लोरिनचं प्रमाण वरच्या लाव्ह्याशीही जुळेना आणि खालच्याशीही. म्हणजे निदान त्या थरात तरी बाहेरून आलेली राख होती. आपल्या काळ्या दगडाच्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळात कुठे तरी लांब दुसरा ज्वालामुखी धगधगत होता, आणि त्याची धूळ पिशोरवर पडली होती. सरांना हे कळलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. स्वतःचा निष्कर्ष मोडल्याचा आनंद झालेला माणूस मी तो एकच पाहिला. साठीनंतर त्यांनी हे काम नव्याने शिकून घेतलं. त्यांच्या घरच्या गच्चीवर अजूनही प्लास्टिकच्या बादल्यांत लाल माती मुरत असते, आणि आपा कुरडया घालायला जागा नाही म्हणून कुरकुरतात. रविवारी कुणी विद्यार्थी गेला तर खिचडी आणि चिंचेचा खट्टा खाल्ल्याशिवाय आपा सोडत नाहीत, आणि बादली ढवळल्याशिवाय सर सोडत नाहीत.

गेल्या महिन्यात हा लेख घेऊन मी सरांकडे गेले. त्यांच्या संमतीशिवाय हे छापायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सरांनी भिंग घेऊन सगळं वाचलं. दातांची गोष्ट वाचून हसले. चौथ्या तक्त्याच्या भागात मी एक वाक्य लिहिलं होतं: सरांच्या हातून तरुणपणी नकळत एक चूक झाली. त्यांनी लाल पेन मागितलं आणि ‘नकळत’ या शब्दावर काट मारली.

मी म्हटलं, “सर, नकळतच तर झाली.”

सरांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, “नाय बेटा. माझ्या गाइडांनी सांगितलं होतं, एक भाग साध्या पाण्यानं धुऊन बघ. चार दिवस लागले असते. सबमिशनची तारीख जवळ आली होती. मी धुतलं नाही, आणि धुतलं म्हणून सांगितलं. परिषदेत मी म्हणालो, ध्यानात आलं नाही. ते खरं नव्हतं. ध्यानात होतं. घाई होती.” मग म्हणाले, “घाई लिही. छापून येऊ दे. संपादकांना सांग, मी सांगितलंय.”

मला आधी राग आला. परिषदेतल्या त्या भाषणावर मी माझ्या विद्यार्थ्यांपुढे कितीदा बोलले होते, आणि त्यातलंही एक वाक्य खोटं होतं. मग सरांकडे पाहिलं. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्याच गौरवग्रंथाची वाट बघणारा, हातात लाल पेन धरून बसला होता. दुनियेत कुणाला हे कळलं नसतं. त्यांचे गाइड केव्हाच वारले. तो राग विरून गेला, आणि मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सर म्हणाले, “ऊठ, ऊठ. वाक्य दुरुस्त कर आधी.”

वाक्य दुरुस्त केलं आहे. सरांच्या हातून तरुणपणी घाईने एक चूक झाली, ती त्यांना माहीत होती, आणि ती पुरती सांगायला त्यांना पंच्याहत्तरी गाठावी लागली. ज्यांनी सरांना दुरून पाहिलं आहे त्यांना हे वाचून धक्का बसेल. मला खात्री आहे की ज्यांनी जवळून पाहिलं आहे ते आज त्यांना थोडं जास्त मानतील.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आपांची त्यांना तितकीच सोबत राहो. आम्ही सगळे आपापल्या प्रयोगशाळांत अजून बरंच काही घाईत उरकतो आहोत, आणि “धुतलं कशानं?” असं विचारणारा माणूस आम्हाला अजून खूप वर्षं हवा आहे.